धुतलेली दहा डॉलरची नोट

मी रंगनाथ चिमाजी काकड, वय ७३, धंदा बुकबाइंडिंग (दुकान तीन वर्षांपासून बंद), राहणार मखमलाबाद नाका, पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाखाली न येता, नशापाणी न करता लिहून ठेवतो ऐसाजे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य वकीलबाईंनी घालायला लावलं. कलम पाच वाचल्यावर त्याची गरज पडेल, म्हणून पुन्हा लिहितो: माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉ. समर्थ थेटे यांचा दाखला सोबत आहे. त्याच दाखल्यात माझं हृदय दिवाळी बघेलसं दिसत नाही, हेही लिहिलं आहे.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि पुढचा ओटा, स्वकष्टार्जित आहे. ते पत्नी चतुराबाई हिच्या हयातीत तिचं, त्यानंतर मुलगा अमोल याचं. अमोल पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. रविवारी घरी आला की त्याला ह्या जागेवर फ्लॅट दिसायला लागतात. दिसू देत. आई आहे तोवर एक वीट हलवायची नाही.

२. बँकेतली ठेव चतुराबाईची. तिने कुणाला काही विचारायचं नाही, सांगायचंही नाही.

३. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कातरयंत्र आणि बाइंडिंगचं बाकी सामान सुरगाण्याच्या मंगळूला द्यावं. बावीस वर्षं तो माझ्या दुकानात होता. खळ तो माझ्यापेक्षा चांगली शिजवायचा. हे मी त्याला कधी बोललो नाही, कारण मग त्याने पगार वाढवून मागितला असता.

४. नोटांचा संग्रह. एकदा बांधायला आलेल्या जुन्या चोपडीच्या पाठीत कुणीतरी अस्तर म्हणून परदेशी नोट चिकटवलेली सापडली. मालक म्हणाला, ठेवा तुम्हाला. तिथून एक्केचाळीस वर्षांत चारशे बारा नोटा झाल्या. शून्यं मोजताना डोळे फिरतील अशी हंगेरीची आहे, जर्मनीतल्या एका गावाने कापडावर छापलेली आहे. आणि आफ्रिकेतल्या बियाफ्राची आहे, ज्या देशाचं अख्खं आयुष्य आमच्या अमोलच्या बी.कॉम.पेक्षा कमी भरलं. हा सगळा संग्रह नात वेदिका हिला. अट एकच: लॅमिनेशन करायचं नाही, आणि कुठल्याही नोटेला पाणी लावायचं नाही.

२००९ च्या प्रदर्शनातल्या पहिल्या बक्षिसाची ढाल मात्र वेदिकाला नको. ती माझा संग्राहक मित्र सावळीराम याच्या घरी पोहोचती करावी. का, ते पुढे आहे.

५. एक नोट मी चारशे बारांत धरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मलायात काढलेली दहा डॉलरची, केळीच्या झाडाचं चित्र असलेली. तशा ढिगाने मिळतात. पण हिच्यावर नंबर आहे, आणि नंबरवाल्या फार थोड्या. सिंगापूरच्या एका व्यापाऱ्याकडून टपालाने मागवली. मागच्या बाजूला जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने, पाणी लागलं की जिची शाई होते तिने, चार ओळी होत्या, आपल्या मराठीत. आपल्याकडचा कुणी शिपाई, जपान्यांच्या कैदेत पडलेला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका इगतपुरी. आणि शेवटी, ज्याला सापडेल त्याने आईला कळवावं. मी त्या ओळी एकदाच वाचल्या.

सावळीरामने नोट चार माणसांत उलटी केली आणि न वाचताच म्हणाला, कुणीतरी खरडलंय रे, ही रद्दी. बोल त्याचे, पण हात माझे. मी कागदातला माणूस. ताटलीत कोमट पाणी घेतलं, साबणाचे दोन थेंब टाकले, मऊ ब्रशने अर्धा तास धुतली. पाणी जांभळं झालं. ते न्हाणीत ओतलं. नोट दोन दिवस शिकंज्यात ठेवली. कोरी करकरीत निघाली, पहिलं बक्षीस मिळालं, आणि मी गल्लीत पेढे वाटले. ह्याची मला आज लाज वाटते.

त्या आठवड्यापासून तो येतो. दुपारी साडेतीनला, चतुराबाई पडलेली असते तेव्हा. वय बावीसच्या आसपास, खाकी सदरा, ऐन मे महिन्यातही नखशिखांत भिजलेला. ओट्यावर बसतो. बोटांतून जांभळं पाणी ठिबकत राहतं. चतुराबाईला तो दिसत नाही, ओली फरशी दिसते. ती फिनेल टाकून घासते आणि मला शाई सांडल्याबद्दल बोलते. तो कधी रागावत नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच विचारतो, "नाना, माझं नाव काय व्हतं?"

मला आठवत नाही. सोळा वर्षं मी त्याला नावं सुचवतोय. प्रत्येक नाव तो ओठांवर घोळवून बघतो, मान हलवतो, "बसत नाय," म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो.

एस.टी.ने इगतपुरी तालुक्यातली सदतीस गावं पालथी घातली. लढाईवर गेला आणि परतला नाही असा कुणी? एका गावात सगुणाबाई नावाची नव्वदीची म्हातारी भेटली. तिच्या लहानपणी शेजारची एक बाई मरेपर्यंत अशाच एका मुलाचं ताट वाढून ठेवायची. गेल्याची खबर आली नाही, म्हणून त्याचं दिवसपाणीही कुणी केलं नाही. नाव विचारलं, तर म्हणाली, घरात त्याला बाळ्याच म्हणायचे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुठं तरी कागदावर असंल की, बाबा." मी तिथून उठलो आणि नाशिकची एस.टी. धरली.

होळीपासून तो पुसट व्हायला लागला आहे. आधी पायांतून फरशी दिसायची. आता चेहऱ्यावर नाकडोळे नीट दिसत नाहीत. त्या ओळी वाचलेला मीच एक. मी गेलो की तोही पुरता जाईल.

६. सबब माझं संपूर्ण नाव, रंगनाथ चिमाजी काकड, त्यावरील माझ्या सर्व हक्कांसह मी त्याला देत आहे. वकीलबाई म्हणाल्या, नाव ही मिळकत नव्हे, शिवाय देणगी घेणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी म्हटलं, तेच तर लिहितोय. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, खाली निशाणी होताक्षणी लागू होईल. माझ्या मरणापर्यंत तो टिकणार नाही.

रामकुंडावर दहाव्याला ह्या नावाने जो पिंड ठेवाल तो त्याचा. कावळा शिवला नाही तर माझ्या राहिलेल्या इच्छा शोधत बसू नका. नुसतं "आईला कळवलं" एवढं म्हणा.

काल त्याला हे नाव सांगून पाहिलं. ओठ बराच वेळ हलले. मान हलली नाही.

"बसतंय," म्हणाला. "पण मग तुमी?"

मला त्या प्रश्नाची भीती वाटते.

चतुराबाईला सगळ्यात आधी सांगितलं. तिने लसूण सोलणं थांबवलं नाही. "अठ्ठेचाळीस वर्षांत मी कधी तुमचं नाव तोंडाने घेतलंय? द्या खुशाल," म्हणाली. मी मोरीत जाऊन रडलो.

स्थळ: नाशिक. दिनांक: १४ मे २०२५, दुपारी साडेतीन.

लिहून ठेवणार: सही नाही. डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदारांचा शेरा: वरील मजकूर वाचून झाल्यावर मी, संध्या जेजुरकर, हिने निशाणीसाठी मृत्युपत्रकर्त्यांना पूर्ण नावाने तीनदा हाक मारली. ते समोर खुर्चीत शुद्धीवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "ओ" बाहेरून, ओट्यावरून आली, तरण्या आवाजात. ती आम्ही दोघांनी ऐकली. डॉक्टर बाहेर जाऊन आले. ओट्यावर कुणी नव्हतं आणि फरशी कोरडी होती. त्यानंतर चतुराबाई "अहो" म्हणाल्या, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि अंगठा पुढे केला.

साक्षीदार:
१. संध्या जेजुरकर, निवृत्त शिक्षिका, शेजारी (सही)
२. डॉ. समर्थ थेटे (सही)