पायलट तहानेने मरतो

सांगली, सोम. ८ जाने. ७९
कॉलेजच्या प्रदर्शनाचा फलक लागला. ‘कॉम्प्युटरवरचा खेळ : परग्रहावर अडकलेला पायलट. रचना : विजय.’ माझं नाव कुठंच नाही! खेळ सगळा मी लिहिला, वर्गातल्या या विजयने नुसता टाइप केला. जाब विचारला तर हसतो. “पोरीनं लिवलाय म्हटल्यावर कोण खेळंल गं?”
तळपायाची आग मस्तकात गेली. बघून घेते.

मंगळ. ९
सरांकडे गेले. “दोघांचाच आहे ना? मग भांडण कशाला?” संपलं.
पण एक बरंय. विजय शेवटपर्यंत कधी खेळलाच नाही. यान पडतं, पायलट बाहेर येतो, चहूकडे कोरडं रान. आपण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचं, मशीन पुढचं छापतं. पाणी सापडलं तरच पायलट जगतो नि घरी जातो. ते कुठंय, मलाच ठाऊक. मशीनमधली जागा वाचावी म्हणून शब्द आकड्यांत घातलेत, प्रोग्राम वाचून त्याला कप्पाळ कळणार.

शुक्र. १२
विजय सारखा मशीनपुढं. पायलट डोंगर चढतो, मरतो. विहीर शोधतो, मरतो. कोरेगावचा बागायतदार हा! पाटाचं पाणी उसात सोडायचं, एवढंच माहीत. कोरड्या ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीने घागर भरायची, हे त्याला कुठलं सुचायला? आम्ही दुष्काळी वडूजच्या पोरी उन्हाळाभर तेच करतो. कर म्हणावं तडफड.

रवि. १४, संक्रांत
मी राहते त्या मावशीच्या घरी विजय हजर, तिळगूळ घेऊन.
“शालन, सांग की गं. उद्या प्रदर्शनाला पाव्हणं येणार. लय हसं हुईल माजं.”
“फलकावर माजं नाव लिवतोस?”
“आता कसं लिवू? घरात समद्यांस्नी सांगून बसलोय.”
तिळगूळ घेतला, खाल्ला. सणाचं गोड बोलायचं म्हणून बोलले, “मावशी, ह्याला च्या दे.” पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

सोम. १५
पाहुण्यांसमोर पायलट मेला. परत मेला. एक पाहुणे म्हणाले, “तुमच्या पायलटला घरी जायचंच नाही वाटतं!” सगळे हसले. विजय घामाघूम. मी मागच्या बाकावर, आनंद पोटात मावेना. जेवताना भाकरी एक जास्तच गेली.

मंगळ. १६
सर वर्गात म्हणाले, “खेळ सदोष आहे, त्याला शेवटच नाही. उद्या खेळाची टेप रद्दीत टाका.”
विजय वही चाळायला लागला. मीही.
टेप एकच. माझी कच्ची पानं टाइप करायला त्यालाच दिली होती, ती त्याने कधीच फेकली.
आता सांगितलं तर पायलट जगेल, पण शाबासकी विजयला. नाही सांगितलं तर... किती जीव लावून लिहिलं होतं पायलटला. रडू आलं, रागही.
उद्या लवकर जाणार आहे. तोंड उघडायचं का, अजून ठरत नाही. विजयला माफी मात्र नाही.