बोरीच्या काट्यावरचा केस

अब्बा,

तुम्हांला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दू लिहिता येत नाही. निजामाच्या वेळची शाळा तुमच्या वाट्याला आली, ती मोडल्यानंतरची माझ्या. म्हणजे तुम्ही असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्यासमोर बसून हे वाचायची माझी छाती कधीच झाली नसती. आता तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले आहे. भित्री माणसं अशीच शूर होतात.

निमित्त नातवाचं. काल त्यानं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. कुठल्याशा परदेशातल्या डोंगरात, बर्फात उमटलेलं भलंमोठं पाऊल. माणसासारखा पण अंगभर केस असलेला कुणीतरी तिथं राहतो म्हणे, आणि लोक वर्षानुवर्षं त्याला शोधत फिरतात. "नानी, तू सायन्सची टीचर होतीस ना? खरं का खोटं, सांग." साधा प्रश्न. जन्मभर मी फळ्यापुढं उभी राहून असल्या प्रश्नांची उत्तरं दिली, पण काल मला आपला केसाळ्या आठवला.

आपली चौकी डोंगराच्या अगदी पायथ्याशी होती, तुळजापूरच्या घाटाच्या अलीकडं. तुम्ही जंगलखात्यात नाकेदार. हैदराबादचं राज्य मोडून आपण मुंबई राज्यात गेलो, तेव्हा तुमचा खाकी कोट तोच राहिला, पट्ट्यावरचा बिल्ला तेवढा बदलला. मी मॅट्रिक होऊन घरी आले होते आणि पुढं मास्तरीणबाईंच्या ट्रेनिंगला जायचं म्हणून तोऱ्यात होते. त्याच हिवाळ्यात एका धनगरानं कलत्या उन्हात डोंगराच्या कण्यावर काहीतरी उभं असलेलं पाहिलं. दोन पायांवर, काळं, अंगभर केस. मग ओढ्याच्या चिखलात पाऊल सापडलं, माणसाच्या अनवाणी पावलासारखं, पण रुंद. गावानं त्याला नाव ठेवलं केसाळ्या. बाया डोंगरात सरपणाला जायच्या बंद झाल्या. कुणी म्हणे मुंजा, कुणी म्हणे जिन. आणि काही जण आवाज बारीक करून म्हणत, रझाकारीच्या न् पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत डोंगरात पळालेला कुणी माणूस असंल, तिथंच राहून रानटी झाला असंल.

हे शेवटचं ऐकलं की तुम्ही पागोट्याचा पदर नीट करायला लागायचात. माझे चाचा, तुमचा धाकटा भाऊ, त्याच धामधुमीत घरातून निघून गेले होते ते परत आले नव्हते. ना मय्यत सापडली, ना निरोप आला. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. मी त्या वेळी ही दोन टोकं कधी जोडली नाहीत. एवढी शिकलेली मी, आणि तुमच्या तोंडाकडं बघायचं मला सुचलं नाही.

तुम्ही रोज सकाळी पावलं बघायला निघायचात आणि मी मागं मागं. तुमची ती बघायची पद्धत मला अजून दिसते. पावलाच्या भोवतीनं फिरायचं, सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, हात पाठीमागं बांधलेले. मग शेरडांनी तुडवू नये म्हणून वर बाभळीचं शिरं टाकायचं. त्या ओढ्यातल्या पहिल्या पावलापाशी तुम्ही किती तरी वेळ उकिडवे बसून होतात. "नाखून नै दिखते," एवढंच बोललात. नंतर डोंगरात जी पावलं सापडली त्यांच्यापुढं नखांचे ओरखडे होते. तो फरक मी पाहिला होता, अब्बा. पाहून सोडून दिला.

गावात तुम्हांला कुणीही अडवून विचारायचं, "नाकेदार, हाय का न्हाय ओ त्यो?" आणि तुमचं उत्तर ठरलेलं. "अजून पुरतं बघितलं न्हाय." मला त्याचा असा राग यायचा! वाटायचं, माणसानं एक काय ते बोलावं. एकदा मी त्या धनगराला तोंडावर हसले, "मामा, ताडी जास्त झाली असंल," म्हणाले. तेव्हा तुम्ही मला चारचौघांत झापलंत. "त्यानं बघितलं ते बघितलं. काय बघितलं ते त्याला ठावं न्हाय, एवढंच. हसायचं काय त्यात?" आणि दुसऱ्याच दिवशी एक जण केसाळ्याच्या तोंडातून जाळ निघतो म्हणून सांगायला आला, तर त्याला तुम्ही विचारलंत, कुठं उभा होतास, सूर्य कुठं होता, किती लांबनं बघितलंस. तो बिचारा कपाळाचा घाम पुसत गेला. मला तुमचं काही कळेना. मानता म्हणावं तर मानत नव्हता, आणि सोडूनही देत नव्हता.

मग येळवस आली. शेजारच्या शेतातल्या आप्पांनी दरवर्षीसारखं आपल्याला बोलावलं. मार्गशीर्षातली अवस, हरभरा घाट्याला आलेला, ज्वारीत कडब्याची कोप आणि कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. अम्मीला आप्पांच्या घरची, सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी फार आवडायची. आप्पांनी आंबील शिंपडत शेताला फेरी घातली आणि शेवटी एका पत्रावळीवर बाजरीचे वाफवलेले उंडे न् भज्जी घेऊन ते डोंगराकडच्या बांधाला निघाले. तिथं तुमच्या खात्याचा हद्दीचा दगड होता. दगडाच्या पलीकडं जंगल, अलीकडं आप्पांचं रान. आप्पांनी पत्रावळ अलीकडंच ठेवली.

"ह्ये कुणाला?" मी विचारलं.

"त्यालाच की, माय," आप्पा म्हणाले. "सणाच्या दिशी शिवारात कुणी उपाशी ऱ्हाऊ न्हाय."

तुम्ही स्वतःच्या पानातला एक उंडा उचलून त्यात टाकलात. सकाळी पत्रावळ चाटूनपुसून साफ होती आणि बांधावरच्या बोरीच्या काट्याला एक केस अडकलेला होता. लांब, काळा, राठ. तुम्ही तो उन्हात धरून पाहिलात, रुमालात गुंडाळलात आणि घरी आल्यावर कोनाड्यात ठेवून दिलात. त्या दिवसापासून आप्पा अधूनमधून तिथं भाकरी ठेवू लागले. बाकीचेही कुणी गूळ, कुणी घुगऱ्या. भीती होती, पण तिच्यात जरा मायाही आली होती.

तो केस मी ओळखला. मी लहान असताना तापातून उठल्यावर झोपेत दचकायची, तेव्हा चौकीवर अस्वल घेऊन एक दरवेशी आला होता. तुम्ही त्याच्याकडून अस्वलाचा केस घेतलात, तुळजापुरातून चांदीचा ताईत आणलात आणि तो केस त्यात घालून काळ्या दोऱ्यानं माझ्या दंडाला बांधलात. "इसकू खोलना नै," म्हणालात. उघडला की त्याचा गुण जातो, असं सगळेच मानतात. मी तो कधी उघडला नव्हता, मॅट्रिक होऊनसुद्धा.

महिन्याभरानं एका बाजारच्या दिवशी तुम्ही रानात गेला होतात. मी मीठ आणायला गावात गेले, तर पारावर माणसं जमलेली. गावचे मोठे जमीनदार, बंदुकीचा परवाना असलेले मालक, मध्ये बसलेले. कुणीतरी म्हणालं, "केसाळ्या न् फिसाळ्या. ह्या नाकेदारानंच उठवलंय समदं. बाया डोंगरात येऊ नयेत, लाकूडफाटा न्हेऊ नये, म्हणून. खोटारडा मानूस." आणि मला बघून मालक हसत म्हणाले, "ईचारा की त्येच्या पोरीला. शिकलीया म्हणं."

माझ्या बापाला खोटारडा म्हणाले, अब्बा. माझं डोकंच फिरलं. मी घरी आले, कोनाड्यातला तुमचा रुमाल काढला आणि तशीच परत पारावर गेले. तिथं सगळ्यांसमोर दातांनी ताईताचं तोंड उघडलं. आतला केस आणि काट्यावरचा केस, दोन्ही कागदावर शेजारी शेजारी ठेवले. सारखेच होते. "अस्वल आहे," मी म्हणाले, "दरवेशाचं सुटलेलं किंवा सोडलेलं. ते दोन पायांवर उभं राहतं, त्याचं मागचं पाऊल माणसासारखं उमटतं. माझे वडील खोटं बोलत नाहीत." ओढ्यातल्या पहिल्या पावलाचं मी नाव काढलं नाही. त्यानं माझं उत्तर बिघडलं असतं.

सगळे कागदावर वाकले. मग हशा पिकला. एवढ्या दिवसांची भीती एका दुपारी उतरली. "अस्वल व्हय!" म्हणत मालक उठले. कागद तिथंच राहिला, केस वाऱ्यानं कुठं गेले कुणी पाहिलं नाही. मी रिकामा ताईत मुठीत धरून घरी आले, आणि खरं सांगते, मला तेव्हा फार अभिमान वाटत होता.

संध्याकाळी तुम्ही आलात. मी सगळं सांगितलं, शाबासकीची वाट बघत. तुमचा हात कोटाच्या गुंडीवर तसाच थांबला. "पूरा देखी क्या तू?" एवढंच विचारलंत. चहा तसाच ठेवून तुम्ही मालकांच्या घरी गेलात. काय बोललात ते कधी सांगितलं नाहीत, पण परत आलात तेव्हा मान खाली होती.

सकाळी हलगीचा आवाज आला. हाकारा घालायला सगळं गाव निघालं होतं. तुम्ही हद्दीच्या दगडाकडं धावलात, मी तुमच्या मागं. ते तिथंच होतं, दगडाच्या अलीकडं, आप्पांच्या रानात. भाकरीच्या वासानं आलं असणार. म्हातारं झालेलं, पाठीवरचे केस झडलेले. तुम्ही हात आडवे धरून ओरडत होतात, "मारू नका! त्येनं कुणाचं काय केलंय?" मालक म्हणाले, "नाकेदार, तुमची हद्द दगडापलीकडं. हितं तुमचं काय काम?"

आणि हलगी जोरात वाजायला लागली, तसं ते पळालं नाही. ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाचायला लागलं.

एक पाय उचलायचं, मग दुसरा. मान डोलवायचं. कुणी एके काळी शिकवलं होतं तसं. माणसं आधी हसली, मग बंदूक वाजली. आप्पा खाली बसले आणि त्यांनी डोक्याचा पटका तोंडावर ओढून घेतला. तुम्ही पडलेल्या अस्वलापाशी गेलात. त्याच्या नाकाला वेसणीचं भोक होतं. जबडा उघडलात तर सुळे काढलेले, बाकी दातही झिजलेले. ते उंड्यांवर आणि घुगऱ्यांवर जगत होतं, अब्बा. ते काय आहे हे न कळता आम्ही त्याला जगवत होतो, आणि मी ते काय आहे हे सांगितलं.

मी आयुष्यात बरंच खोटं बोलले असेन. त्यातलं काहीच मला असं टोचत नाही. टोचतं ते हे खरं.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी मीच रडत म्हणाले, "मी खोटं नाही ना बोलले?" तुम्ही अम्मीच्या डब्यातून काळा दोरा काढलात, रिकामा ताईत त्यात ओवलात आणि माझ्या दंडाला परत बांधलात. "झूट नै बोली तू," म्हणालात. "जल्दी बोली." गाठ नेहमीसारखी घट्ट मारलीत.

मला वाटलं, आता तुमचं सकाळचं जाणं थांबेल. थांबलं नाही. तुम्ही ओढ्याकडं जातच राहिलात, हात पाठीमागं बांधून. एकदा मी विचारलं, "आता काय बघता? सापडलं ना ते." तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "वो पैला पाऊल रह गया ना." मी अम्मीला सांगितलं, अब्बांचं काही खरं नाही. अम्मी भाकरी थापत होती. "तेरे चाचा का पाँव वैसाच था," ती म्हणाली. "चौडा. चप्पल बी नै मिलती थी उनकू."

तेव्हा मला कळलं की तुम्ही कशाला इतके दिवस "हाय" म्हटलं नाहीत आणि "न्हाय" तर मुळीच म्हटलं नाहीत. केस पाहिल्यावर ते अस्वल असल्याचं तुम्हांला माझ्याआधी कळलं असणार. पण ते एकदा अस्वल ठरलं, की त्या डोंगरात दुसरं कुणी असण्याची जागाच उरत नव्हती. मी ती जागा पारावर, लोकांना दाखवण्यासाठी, दातांनी उघडली. आणि तुम्ही मात्र शेवटपर्यंत मला एका शब्दानं बोलला नाहीत. तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते, माफी मागायची म्हणूनच आले होते. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "ओढ्याला पाणी हाय का?" मी हो म्हणाले, आणि राहून गेलं.

नातवाला मी काल उत्तर दिलं नाही. त्यानं जरा वाट पाहिली, मग त्याचं लक्ष माझ्या दंडाकडं गेलं. दोरे कितीदा बदलले, ताईत तोच. "नानी, यात काय आहे?" आत काही नाही हे मला जितकं ठाऊक आहे तितकं या जगात कुणालाच नाही. त्यानं उघडायला हात पुढं केला, तो मी धरला.

"ठाऊक नाही रे," मी म्हणाले. "अजून उघडून बघितलं नाही."