सिंकखालची चक्की

बंगळुरू, ४ जानेवारी

ती. आयेस, हरेशचा लांबूनच वाकून नमस्कार. वि. वि.

परत तेच! फोनवर म्हणं, तुझी खरकट्याची चक्की काढून ने, काढून ने. फोन मधीच ठेवून देतेस, म्हणून हा कागद. दिवाळीत नव्या ओट्याखाली ती बसवली ती तुझी कंबर बघून. खरकट्याची बादली उचलायला नको. हितं मी रोज चार घरांत बसवतो, एक बाई कुरकुरत नाय.

आणि त्यात सुऱ्या नायत गो. तबकडी गरगर फिरते, खरकटं कडेच्या खरबरीत कड्यावर आपटतं, किसल्यासारखं बारीक होऊन पाण्याबरोबर जातं. आधी नळ सोड, मग बटण, मग थोडं थोडं टाक. शेवग्याचा चोथा नको. हात तर आजिबात नको.

कोंबड्यांना खरकट्याऐवजी दाणे टाक. राग चक्कीवर काढ, माझ्यावर लोभ ठेव.

तुझा हरेश

म्हसा, १५ जानेवारी

चि. हरेशला आयेचा आशीर्वाद.

म्हणं दाणे टाक! खरकटं तुझी चक्की खाते, म्हणून माझ्या कोंबड्या शेजारी ताराबाईकडं चरतात न अंडीपण तिथंच घालतात. मागायला गेले तर म्हणली, माझ्या अंगणात पडलं ते माझं. तवापासून बोलणं बंद.

मग मी चक्कीचा पाईप भायेर घमेल्यात सोडला. बटण दाबलं की खिमट तयार. माझ्या कोंबड्या धावत आल्या, मागनं ताराबाईच्यापण सात, न माझ्याच पडवीत अंडी घालायला बसल्या! ती भांडायला आली. मी म्हणलं, माझ्या अंगणात पडलं ते माझं. तिच्या कोंबड्यांची अठरा अंडी जत्रेत विकली.

चक्की आता नेऊ नको. शेवगा घातला न अडकली, तेवढं कसं सोडवायचं कळव. जेवत जा.

तुझी आय

बंगळुरू, २३ जानेवारी

ती. आयेस नमस्कार. वि. वि.

शेवगा नको लिवलं होतं का नव्हतं? मेन बंद कर. चक्कीच्या बुडाला मधोमध भोक आहे, त्यात चक्कीबरोबर आलेली वाकडी चावी घालून दोनी बाजूंनी हलव. चोथा चिमट्यानं काढ, मग बुडाचं लाल बटण दाब.

घमेल्याचं ऐकून आमचा सायब खुर्चीवरनं पडायचा राहिला. पण ताराबाईशी असं नको गो. गेल्या साली तू तापानं फणफणलीस तवा रिक्षात घालून मुरबाडला कोणी नेलं? मी हितं कुणाच्यातरी सिंकखाली पडलेला. तू हाक मारलीस तर तिलाच ऐकू जाणार, मला नाय.

आजच तिच्याकडं जा. बोलायला तोंड उघडत नसंल तर माझं नाव सांग. अठरा अंडी, पंधरा रुपयानं एक. पैसे तिच्या हातात दे, न चहा घेतल्याबिगर उठू नको. जत्रेतले तुझ्याकडंच ठेव, हे दोनशे सत्तर रुपये मी पाठवतोय.

हरेश