शिंपल्यांची ओळ

हर्णै, ता. १६ मार्च १९४१

तीर्थरूप दादांच्या चरणी यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

बेलापूरच्या माणसाला समुद्र काय कळणार! पहिले काही दिवस मी पाण्यापासून खडकाची उंची मोजत बसलो. सकाळी एक आकडा, दुपारी भलताच. भरती-ओहोटी विसरलो होतो. लोक हसले.

इथे एका खडकावर, हल्लीच्या भरतीच्या बरीच वर, जुन्या शिंपल्यांची ओळ चिकटलेली आहे. शिंपले वाढतात पाण्यात, म्हणजे समुद्र एके काळी तिथवर होता. किती उंच, ते येत्या अमावास्येच्या उधाणाला नेमकं मोजता येईल. अशी ओळ आसपास दुसरीकडे नाही. ती उंची मिळाली तर प्रबंध पुरा होईल, नाहीतर जूनपासून तुम्ही ठरवलेली मास्तरकी आहेच. खडूची खूण टिकेना, म्हणून तेलात शेंदूर कालवून ओळीखाली पट्टा ओढलाय.

आईस सा. न. ममता असू द्यावी.

यज्ञेश्वर

बेलापूर, ता. २० मार्च १९४१

चि. यज्ञेश्वर यास विष्णुपंतांचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. शिंपले मोजायला तुला एवढं शिकवलं का? पाडव्याला विजयेला पाहायला जामखेडची मंडळी येताहेत. थोरला भाऊ घरात नाही, हे शोभेल का? अमावास्येला प्रवास करायचा नाही, तेव्हा आधीच नीघ. समुद्र कुठे पळून जातोय? तुझी आई विचारते, तिकडे मासे तर खात नाहीस ना. खाल्लेस तरी लिहू नकोस.

कळावे, हे आशीर्वाद.

हर्णै, ता. ८ एप्रिल १९४१

ती. दादांस सा. न. वि. वि.

जामखेडकर पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणून गेले, आणि त्यांच्यापायी माझी अमावास्या हुकली. इथे येऊन पाहतो तर खडकाचा देव झालाय! शेंदूर दिसल्यावर लोकांनी शिंपले खरवडून काढले, नारळ फोडले आणि अख्खा खडक शेंदराने माखला. ओळ गेली, पट्टाही गेला. चिडू तरी कोणावर? शेंदूर मीच लावला होता. मी तिथे उभा होतो, तर एका म्हाताऱ्याने माझ्या हातावर प्रसाद ठेवला. तो खाल्ला.

प्रोफेसरांनी उंची विचारली आहे. डोळ्यांच्या अंदाजाने आठ फूट असेल. तेवढं लिहिलं असतं तर तपासायला कोण येणार होतं? दोनदा कागद पुढे ओढला, पण लिहवेना. उंची मिळाली नाही, असं कळवून टाकलं.

हेडमास्तरांना सांगा, जूनला येतो. भूगोल मात्र मला देऊ नका म्हणावं.

राग नसावा, लोभ आहे तसाच ठेवावा.

यज्ञेश्वर