बाबांच्या नावापुढचा अंगठा

फेअरहोप, कॉरेंटाइन किनारा, गयाना
१८ डिसेंबर १९६८

प्रिय सूरजदादास,
फूलमतीचा नमस्कार.

परवाच्या निवडणुकीत बाबांनी मत दिलं. केंद्रावरच्या फ्रेझर मास्तरांनी यादीवर बोट ठेवून मला तसं सांगितलं. माझंही मत आधीच पडलं होतं. दोन्ही मतं मुखत्यारपत्रावर, आमच्या वतीनं कुणा परक्या माणसानं टाकलेली.

इकडे सगळं ठीक. भात कापून झालाय. आईचा गुडघा मोहरीच्या तेलानं जरा हलका आहे.

मी म्हटलं, "मास्तर, बाबा जाऊन तीन वर्षं झाली. देश स्वतंत्र झालेलाही त्यांनी पाहिला नाही." मास्तरांनी मान वर केली नाही. "मला कागद दिसतो, पोरी. घरी जा."

रांगेतून हरिलाल ओरडला, "अगं, म्हाताऱ्याला वर बसून जमलं, तुला इथे उभं राहून जमेना?" सगळे हसले. मीसुद्धा.

आई दालपुरी लाटत होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "मत द्यायला आले होते, मग जेवायला का नाही आले?" नंतर तिची एकही पुरी गोल झाली नाही.

माझ्या मुखत्यारपत्रावरची सही माझीच आहे, दादा. दिवाळीला आईच्या पेन्शनचे म्हणून तू तीन कागद आणलेस. तुला निघायची घाई होती. तू आणलेस म्हणून मी वाचले नाहीत. तुला निवडणुकीच्या कामावर नेमल्याचं आईनं तेव्हा गावभर सांगितलं होतं.

बाबांच्या कागदावर मात्र अंगठा आहे. पगाराच्या खिडकीवर अंगठा द्यायची लाज वाटायची म्हणून बाबा पन्नाशीत सही शिकले. तुझ्याच पाटीवर. त्यांना अग्नीही तूच दिलास. निदान एवढं तरी तुझ्या लक्षात राहायला हवं होतं.

वकील लछमनसिंग म्हणतात, निकाल काही बदलायचा नाही. तरी मी तक्रार नोंदवली आहे. येत्या सोमवारी सुनावणी आहे. तो अंगठा ताडून पाहायला घरातल्या प्रत्येकाचा ठसा मागितलाय. आईनं काल दिला, मीही दिला. आता एकच राहिलाय.

आलास तर आधी घरी ये. आई तुझं ताट वाढून ठेवणार आहे. तो ठसा कशासाठी हवा, हे तिनं अजून विचारलेलं नाही.

खालची सही मी पत्र पुन्हा वाचून केली आहे.

तुझी बहीण,
फूलमती