शेवटच्या गाडीतली काठी

मंगळवार, ४ फेब्रुवारी
पायांचे नुसते तुकडे पडलेत. पावसाळ्यातल्या दरडीनं घाटातला अर्धा रस्ता खाल्लाय. उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या. वळणापलीकडचं दिसत नाही, फोन लागत नाही – म्हणून ही लाल काठी. रांगेतल्या शेवटच्या ड्रायव्हरकडे द्यायची, त्यानं ती दुसऱ्या टोकाला पोचवायची. जिच्या हातात काठी, तिनं गाड्या सोडायच्या.

दुसऱ्या टोकाला कोण? आमची धाकटी! मुकादम म्हणाला, "सख्ख्या बहिणी, बरं झालं. कटकट नाही." कपाळ माझं! वर्ष झालं, आम्ही बोलत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
आजपासून बाबांना बरोबर आणतेय. काल गॅस चालू ठेवून घराबाहेर निघून गेले. शेजारीण म्हणाली, "मला नाही झेपत आता." तिचं तरी काय चुकलं?

माझ्या टोकाला खुर्ची टाकून बसवते त्यांना. याच रस्त्यावर जन्मभर कंडक्टर होते. थांबलेल्या गाड्यांपाशी जाऊन "सुट्टे काढून ठेवा" म्हणतात. लोक हसतात, मीही हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला कुठं उतरायचंय, बाई?"

शनिवार, ८ फेब्रुवारी
झोप नाही. धाकटीला सांगावं का, महिनाभर तरी बाबांना ने म्हणून? नाही सांगणार. आई गेल्यावर तीच म्हणाली होती, "माझ्याकडे नाही जमायचं." मी म्हटलं, "मग तोंड दाखवू नकोस!" आजवर माझं एक ऐकलं नाही तिनं, हे मात्र ऐकलं.

कधी कधी काठीची मूठ गरम लागते. तिच्या हाताची ऊब म्हणावी, तर मध्ये ट्रकवाला!

सोमवार, १० फेब्रुवारी
दमले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
लिहू की नको?

दुपारी शेवटची गाडी भाजीचा टेम्पो होता. ड्रायव्हरला काठी देणार, तोच बाबांनी ती माझ्या हातून घेतली आणि टेम्पोत चढून बसले. "कंडक्टर शेवटी चढतो," म्हणाले. "चला!"

उतरवता आलं असतं. मी ड्रायव्हरला एवढंच म्हटलं, "पलीकडच्या बाईकडे दोन्ही द्या." टेम्पो वळणाआड गेला. मी बाबांच्या खुर्चीत बसले. किती हलकं वाटलं! लाज नंतर वाटली.

मग काठी येईना. हॉर्न, शिव्या, मुकादमाची आरडाओरड. दरीच्या बाजूला कठडासुद्धा नाही.

शेवटी दुधाच्या गाडीवाल्यानं काठी आणली. एकटी काठी.

"म्हातारबाबा?"

"तिथं बसलेत. चहा पितायत."

"आणि ती बाई?"

"त्यांच्या चपलेचा पट्टा लावत होती."

काम सुटेपर्यंत प्रत्येक गाडीत डोकावले. बाबा आले नाहीत. मीही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? घरात त्यांची गोळ्यांची डबी तेवढी आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी
डबी पिशवीत घालून आणली. सकाळची पहिली काठी जीपवाल्यानं दिली, बरोबर निरोप. वर्षभरातला धाकटीचा पहिला शब्द –

"ताईला विचारा, बाबांच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर?"