पिंगळा एकदाच घ्यावा

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. सकाळी ६.४०. राजापेठेतल्या खोलीच्या गच्चीवर बसून लाल पेनात नवी रिफिल घालत होतो.

आजपासून काम सुरू. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या पक्ष्यांची यादी, जुनी आवृत्ती. पक्षी मंडळाचे अध्यक्ष पांढरीपांडे सर कॉलेजात मला प्राणिशास्त्र शिकवायचे. यादी सुधारायला त्यांनी माझी निवड केली. ५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होतो, त्या दिवशी मेळघाटात सेमाडोहला प्रकाशन. सर म्हणाले, तू फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघ. ‘फक्त’ हा शब्द त्यांनी माझ्यावर दडपण येऊ नये म्हणून वापरला. दडपण आलंच.

सेमाडोहच्या माहिती केंद्रात एक जागा निघाली आहे. केंद्र मैथिली मॅडम चालवतात. यादी चांगली झाली तर सर माझ्यासाठी शब्द टाकणार. जाहिरातीत ‘सहाय्यक’ छापलं होतं. चूक. ‘सहायक’ हवं. अर्जातच कळवलं. बी.एस्सी. अर्धी राहिली ती अडचण नाही, असं मी ठरवलं आहे. प्राणिशास्त्रात दोनदा राहिलो, कारण माझं अक्षर बारीक आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

संकल्प: प्रत्येक पक्षी स्वतः पाहिल्याशिवाय बरोबरची खूण करायची नाही.

वडाळी तलावावर गेलो. दुर्बीण रूममेट गजेंद्रची. तो पोलीस भरतीची तयारी करतो. दुर्बीण कशाला घेतली ते सांगत नाही, पण भाडं घेतो. बगळे दिसले. बाकीचे सगळे पाठमोरे. गजेंद्र सोबत आला होता. म्हणे, का बे, तू पाखराले पाहून राहिला का पाखरं तुले? त्याला विज्ञानाची पार्श्वभूमी नाही.

९ ऑक्टोबर

मान धरली. संकल्पात दुरुस्ती: तपासणाऱ्याने पक्षी पाहूच नयेत. पाहिले की मत बनतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वेग चांगला. ‘खाटिक’चं ‘खाटीक’ केलं. ‘सातभाई’ एकवचन की अनेकवचन? त्यात दुपार गेली. ‘वेडा राघू’ मनाला लागलं. छापील यादीत कुणाला वेडं म्हणणं बरं नाही. ‘राघू (साधा)’ केलं. पित्त वाढलंय. जबाबदारीच्या माणसाला वाढतंच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मोठी चूक सापडली. इतकी वर्षं कुणालाही दिसली नाही याचं आश्चर्य वाटतं.

यादीत ‘पिंगळा’ आहे आणि त्याच्याच खाली ‘रानपिंगळा’. फोटो पाहिले. दोन्ही घुबडं, दोन्ही बुटकी, दोघांचे डोळे पिवळे. लॅटिन नावं थोडी वेगळी आहेत, पण लॅटिन माझ्याकडे नाही. खात्रीसाठी बाळापूरला बाबांना फोन केला. ते पिंगळ्याच्या झाडाखालीच लहानाचे मोठे झाले. म्हणाले, गावातला पिंगळा रानात गेला तं वेगळा कावून होईन बे? तुही माय वावरात गेली तं दुसरी बाई होते का? एवढं स्वच्छ स्पष्टीकरण मला कॉलेजात मिळालं नव्हतं.

रानपिंगळा काढला. समासात लिहिलं: पिंगळा एकदाच घ्यावा. मुखपृष्ठावर एका घुबडाचा फोटो आहे, त्याखालीही ‘रानपिंगळा’ होतं. ‘रान’ खोडलं. सगळीकडे एकवाक्यता हवी.

१७ ऑक्टोबर

सरांना विचारावं का? त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालंय, वाचायला मनाई आहे. म्हणून तर प्रुफं मीच पास करायची आहेत. त्यांना त्रास देणं बरोबर नाही. विचारलं नाही. छातीत धडधड. बहुतेक चहामुळे.

२४ ऑक्टोबर, बाळापूर

दिवाळीला घरी. सरांचा फोन आला. म्हणाले, बाहेरून येणारे लोक यादी उघडतात आणि आधी एकच नाव शोधतात. रानपिंगळ्याचं नीट बघितलंस ना? म्हटलं, तेच सगळ्यात आधी सोडवलं सर. सर म्हणाले, शाब्बास.

फोन ठेवल्यावर विचार केला, लोक शोधतात ते एक नाव कोणतं? मोर असणार. मोर पुन्हा तपासला. बरोबर आहे.

बाबांनी विचारलं, नोकरीचं काय म्हणते तुयं? शाब्बास हा शब्द ताजा होता. म्हटलं, झाल्यासारखीच आहे. बाबा म्हणाले, झाल्यासारखी म्हणजे झाली का नाही झाली? म्हटलं, झाली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

छापखान्यात शेवटच्या प्रुफावर सही केली. हजार प्रती. आभारात माझं नाव आहे, शिवम महादेवराव गावंडे. तीनदा वाचलं, वेलांटी-उकार शाबूत. रस्त्यात वाटलं की कुठेतरी काहीतरी राहिलं. परत गेलो. एका ठिकाणी स्वल्पविराम दोनदा पडला होता. काढला. आता बरं वाटायला हवं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार. सेमाडोह. सकाळ.

नवा शर्ट. पाहुणे नागपूर-पुण्याहून आलेत. माहिती केंद्राच्या मागची खोली पाहून ठेवली, राहायला ठीक आहे. खिडकीला जाळी लावावी लागेल.

त्याच दिवशी, दुपारी. त्याच खोलीत.

प्रकाशन झालं. मैथिली मॅडमनी प्रत उघडली, पानं मागेपुढे केली, माइकवरून विचारलं, मुखपृष्ठावर ज्याचा फोटो आहे तो आत कुठेय? मी उभा राहून सांगितलं, पान अकरा, पिंगळा. रानात गेला म्हणून पक्षी बदलत नाही, हे बाबांच्या उदाहरणासकट समजावलं. आईचंही सांगितलं. मांडवात शांतता झाली. लोकांना पटतंय असं वाटलं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

सर काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत होते. त्यांनी मला मागे नेलं. म्हणाले, शिवम, रानपिंगळा वेगळा पक्षी आहे. शंभरावर वर्षं कुणाला दिसला नव्हता, संपला असंच समजत होते. मग सापडला. जगात फार थोडे उरलेत, त्यातले काही इथे, मेळघाटात. हे लोक त्याच्यासाठी आलेत. तू म्हणाला होतास ना, सोडवलं म्हणून?

म्हटलं, हो सर. सोडवलं म्हणजे काढलं.

सर चष्मा सावरत मांडवाकडे परत गेले. रागावले असते तर काही उत्तर देता आलं असतं.

६ नोव्हेंबर

गजेंद्र म्हणे, शंभर वर्षांनं सापडलेलं पाखरू तुनं एका पेनानं हरवलं लेका. तुले सलाम आहे. आज हे विनोदी वाटत नाही.

वास्तविक पाहता, मी नाव काढल्यामुळेच रानपिंगळ्याची इतकी चर्चा झाली. हे मॅडमना पत्राने कळवावं का? दोन मसुदे केले. फाडले.

८ नोव्हेंबर, शनिवार

मैथिली मॅडमचा फोन. जागा आचल नावाच्या मुलीला दिली. दुसरी जागा निघेल का, विचारलं. म्हणाल्या, यादीत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून होऊ द्या आधी. बोलल्या प्रेमाने. त्याचाच जास्त त्रास झाला.

चिठ्ठ्या मी माझ्या खर्चाने छापून चिकटवणार, असं सरांना सांगितलं. ते नको म्हणतील असं वाटलं होतं. बरं म्हणाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपार.

चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. बोटांचा डिंक जात नाही. आज पक्षी सप्ताह संपला.

बाबांचा फोन आला. त्यांनी गावात पेढे वाटले. म्हणाले, सगळे विचारून राहिले, पोरगं हजर कधी होते? म्हटलं, तारीख कळवतो. बाबा म्हणाले, घाई नोको करू, सरकारी काम हाये. सरकारी नाही, हेही सांगितलं नाही.

खर्च: चिठ्ठ्यांची छपाई ६५०. डिंक ८०. एसटी, सेमाडोह जाऊन-येऊन ३६०. शर्ट ५५०.
देणं: गजेंद्रला दुर्बिणीचे १००. खोलीभाडं, एक महिना, १,८००. बाबांना, दोन किलो पेढ्यांचे, ९६०.